बॉस्कोचं पोट

मला किळस फार. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आता त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. कुत्रा ओकला की सून दारातूनच नाक धरून मला हाक मारते. मग मी चष्मा चढवते, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकते आणि त्या घाणीत काय काय आहे ते नीट बघते. भाताची शितं, गवताचं पातं, कधी नातवाच्या मोज्याचा धागा. नातू लांबून म्हणतो, "आजी, दॅट इज सो ग्रोस." त्याला वाटतं म्हातारीला काही वाटत नाही. वाटतं. अजून तोंडात आंबट पाणी येतं, आणि नंतर तासभर चहा जात नाही. पण बरीच वर्षं झाली, एकदा मला वाकून बघायला सांगितलं होतं आणि मी बघितलं नव्हतं. तेवढ्यावरून जे झालं ते या प्रकरणात लिहायचं आहे.

आम्ही तेव्हा आखातात, अल मनखूलला राहत होतो, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. खाली शिंपी, त्याच्या शेजारी किराणावाला, आणि वर सगळे आपल्याकडचेच लोक. दुपारी लिफ्टचं दार उघडलं की मजल्यावरच्या सगळ्या घरांचा स्वयंपाक एकदम नाकात शिरायचा. एकीकडे खोबरेल तेल, एकीकडे तळलेला बांगडा, एकीकडे कुणीतरी करपवलेला कांदा, आणि त्या सगळ्याखाली कचऱ्याच्या खोलीतून येणारा तो गोड कुजका वास. त्या खोलीत भिंतीला एक लोखंडी झडप होती. ती उघडून पिशवी आत सोडायची, मग ती धडधडत खाली जायची. झडपेच्या कडेला कायम काहीतरी ओघळलेलं असे. मला कचरा टाकायला सांगितलं की मी पिशवी नेऊन बाल्कनीत सिलिंडरमागे ठेवायची आणि आईचं लक्ष नसताना बाबांना द्यायची.

माझ्या किळसवाण्या गोष्टींची यादी घरात सगळ्यांना पाठ होती. दुधावरची साय. भेंडीची तार. आमटीत पडून भिजलेला पोळीचा तुकडा. साबणाला चिकटलेला दुसऱ्याचा केस. बाबा सकाळी घसा साफ करायचे तो आवाज; भिंतीआड असला तरी मी कानांवर उशी घ्यायची. आणि फुगलेला बेदाणा. वाळलेला बेदाणा मी मूठभर खाल्ला असता, पण दुधात नाहीतर तुपात टम्म फुगलेला बेदाणा दाताखाली आला की संपलंच. एका सुट्टीत दापोलीला मामा म्हशीच्या कानातल्या गोचिडी काढत होता, आणि त्यातली एक त्याच्या चिमटीत फुटलेली मी पाहिली. तेव्हापासून मला शिऱ्यात बेदाणा दिसत नाही, गोचीड दिसते.

आईला यातलं काही कळत नसे. ती दापोलीकडची, आणि माणसाची सगळी सुखदुःखं पोटात असतात असा तिचा ठाम समज. सकाळी "झोप लागली का" असं न विचारता "पोट साफ झालं का" असं विचारणारी बाई. बाबा हमरिया फ्री झोनमध्ये पाइपच्या कारखान्यात स्टोअर बघायचे. पहाटे कंपनीची बस, दिवसभर खुर्ची आणि कँटीनचं जेवण. त्यामुळे त्यांच्या पोटासाठी रोज वाटीत काळ्या मनुका भिजत घातलेल्या असायच्या. सकाळी त्या कुस्करून, पाणी गाळून ती त्यांच्या हातात द्यायची. शेजारच्या कुणाला पोटाचं काही झालं तरी लोक आईकडे यायचे. ओवा, हिंग, सुंठ, मऊ भात, आणि अशक्तपणा आला की मनुकांचं पाणी. आणि घर असं लख्ख की बाबा म्हणायचे, हिच्या फरशीवर जेवायला वाढलं तरी चालेल, पण फरशीवर बसायची सोय नाही, पुन्हा पुसायला लागेल.

अशा घरात बॉस्को आला. समोरच्या दारात फिलोमिना आंटी राहायच्या, म्हापशाच्या. नवरा गेला होता, मूल नव्हतं, एका शिपिंग ऑफिसात टायपिंग करायच्या. बॉस्को त्यांचा पग. चपटं नाक, तोंडावर वळ्या, बाहेर आलेले डोळे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात कायम तपकिरी चिकट. त्या वळ्या दर दोन दिवसांनी ओल्या कापसाने पुसाव्या लागत, नाहीतर त्यांना आंबूस वास यायचा. झोपला की माणसासारखा घोरायचा, आणि जागा असला की माझ्या पायावर नाक टेकवून ओला डाग उमटवून जायचा. आंटींच्या भावाचं ऑपरेशन निघालं, बारा दिवस गोव्याला जाणं भाग होतं. कुत्र्यांना पैसे घेऊन ठेवणाऱ्या जागी त्यांनी त्याला एकदा ठेवला होता, तेव्हा तो चार दिवस जेवला नव्हता. त्या आईचा हात धरून बसल्या.

"भाभी, मेरा इधर और कोई नहीं है. आप का घर इतना क्लीन है, आप के पास छोडूंगी तो मैं उधर सो सकेगी."

"जैसा है वैसा वापस देगी," आई म्हणाली. "बिलकुल टेन्शन मत लो."

जाताना त्यांनी आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. वर प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर, खाली मोठ्या अक्षरांत, त्याला फक्त त्याचं खाणं द्या, भाभी, तुमच्यातलं काही नाही, प्लीज. आईला तो कागद जरा लागला. "माझ्या हातचं खाऊन कुणी मेलं नाही अजून," असं ती पुटपुटली, पण दोन वेळा मोजून त्याचे दाणे त्याच्या वाटीत घालायची आणि पोळीचा तुकडाही त्याच्यापुढे टाकायची नाही. शब्द दिला म्हणजे दिला.

तो आल्यावर आठवड्याने आमच्याकडे सत्यनारायण होता. बाबांच्या स्टोअरमधली चार-पाच मुलं आली होती, रत्नागिरीकडची, कंपनीच्या कामगार कॅम्पात राहणारी, घरचं जेवण बघून गप्प होणारी. शिरा आईने सकाळीच केला. त्या वर्षी तिला मीना बाजारात लांबट इराणी बेदाणे मिळाले होते, आणि ते तिने मोकळ्या हाताने घातले. केळं, केशर, तूप, आणि मध्ये ते फुगून चकाकणारे. माझ्या वाटीत तिने लाडाने वरचा भाग वाढला, म्हणजे जास्तच.

"आई, आय कान्ट ईट धिस."

"प्रसाद आहे, अनू. प्रसाद टाकायचा नसतो. संपव."

हा आमच्या घरातला न मोडणारा नियम. प्रसादाचा कण कचऱ्यात जाता कामा नये. गावी असतो तर गाईपुढे ठेवता आला असता, असं आई दर पूजेला म्हणायची आणि उरलेला शिरा डब्यांत भरून मुलांबरोबर कॅम्पात पाठवायची. गाय नव्हती, पण टेबलाखाली माझ्या पायावर एक ओलं नाक होतं. मी एक बेदाणा बोटांनी उचलला, तुपाने बुळबुळीत, आणि खाली धरला. जिभेचा गरम, चिकट स्पर्श झाला आणि बेदाणा गेला. मला हाताची किळस आली, पण सुटका झाल्याचं बरं वाटलं. शिवाय प्रसाद टाकला नव्हता, मुक्या जिवाच्या तोंडी गेला होता, म्हणजे थोडं पुण्यच. मी एकेक करून वाटी निवडली. आईने पुन्हा वाढलं, तीही निवडली. बाबांच्या वाटीतले उरलेलेही मी बोटाने गोळा केले, कारण एव्हाना मला त्यात मजा वाटायला लागली होती. आई लांबून म्हणाली, "बघा, म्हणे खाणार नाही. दोन वाट्या संपवल्यान."

पाच वाजता आई आतल्या खोलीत गावाला फोनवर बोलत होती, बाबा मुलांना बसपर्यंत सोडायला गेले होते. बॉस्को हॉलच्या मधोमध उभा राहिला, मान खाली घातली, आणि त्याचं पोट भात्यासारखं आतबाहेर व्हायला लागलं. तो आवाज मी लिहू शकत नाही, अजून कानात आहे. मग ते बाहेर आलं. पिवळं, फेसाळ, आणि वास तुपाचा. तुपाचाच, म्हणून जास्त घाण. आईला आवाज गेला. फोनवर हात ठेवून ती आतून म्हणाली, "अनू, पुसायच्या आधी बघ गो काय पडलंय त्यातून. काय खाल्लंन ते कळेल."

मी जुना पेपर घेतला, तोंड भिंतीकडे केलं आणि डोळे मिटून तो त्यावर टाकला. वरून हाताने दाबला. पेपराखाली मऊ पाण्यात काहीतरी गोळ्या गोळ्या लागल्या. लहान, टम्म, घसरणाऱ्या. मला तेव्हाच कळलं ते काय आहे. पण बघितलं नाही म्हणजे माहीत नाही, असं मी मनाशी ठरवलं, आणि सगळं गुंडाळून पिशवीत घालून, दोन गाठी मारून पिशवी सिलिंडरमागे ठेवली.

"काय होतं?"

"नुसतं पिवळं पाणी," मी म्हणाले.

आईने फ्रिजवरच्या नंबरला फोन लावला. डॉक्टर सुदानचे होते, हिंदी इथेच शिकलेले, आवाज जाड आणि हसरा. फोन स्पीकरवर होता. त्यांनी विचारलं, रक्त आहे का? नाही. पोट फुगलंय का? नाही. शेपूट हलवतो का? हलवतो. काही खाल्लं? आई म्हणाली, "कुछ नहीं डॉक्टर साब, सिर्फ उसका खाना. बाहर का एक दाना नहीं. मेरे घर में मैं देती वही खाता."

"उल्टी में क्या था?"

"सिर्फ पीला पानी. मेरी बेटी ने देखा."

"अच्छा. तो घर में देखो, मॅडम. पिल्ला नहीं है, आज रात तक खाना बंद. खलास. पानी थोडा थोडा, एक साथ नहीं, एक साथ पिएगा तो फिर निकालेगा. कल सुबह सफेद चावल, बहुत नरम, और उबला चिकन, चमडी नहीं. नमक नहीं, तेल नहीं, मसाला नहीं."

आईने कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. मग ती तिच्या विषयावर आली. ओवा? नको. हिंग? नको. लसणाची फोडणी देऊन मऊ भात? लसूण, कांदा कधीच नको, कुत्र्याला ते विष आहे. बाबांची ॲसिडिटीची गोळी, अर्धी? माणसाची एकही गोळी नको. ताक? आज नको. प्रत्येक नकाराबरोबर आईचा चेहरा उतरत गेला. तिचं सगळं ज्ञान एका फोनमध्ये मोडीत निघालं. पण बाई शहाणी होती, सांगितलेलं जसंच्या तसं करणारी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिने त्याचा ओठ वर उचलला, हिरडीवर बोट दाबलं आणि रंग परत येतो का बघितलं. लाळेची तार तिच्या मनगटापर्यंत आली. मी तिकडून उठले. तिने अर्ध्या अर्ध्या तासाने दोन-दोन चमचे पाणी दिलं, उरलेल्या वेळात वाटी उचलून ठेवली, आणि चिकन सकाळीच द्यायचं होतं, पूजेच्या दिवशी घरात शिजवावं लागलं नाही म्हणून तिला बरं वाटलं. परत जर ओकला, सुस्त पडला, रक्त दिसलं, तर लगेच इकडे आणा, असं डॉक्टर शेवटी म्हणाले होते. तेही तिने लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मी आता इतक्या वर्षांनी सांगते, की त्या सगळ्यात एकही गोष्ट चुकीची नव्हती. साधं पोट बिघडलं असतं तर तेवढ्यानेच तो बरा झाला असता. आमच्याकडे आजही असंच करतात. फक्त त्या सगळ्याचा पाया माझं "पिवळं पाणी" होतं.

सकाळी बाबा कामावर गेलेले. मला शाळेला सुट्टी होती. बॉस्को उठला नाही. त्याच्या गादीखालून पातळ, काळपट ओघळ आला होता आणि मागचे पाय त्यात भरले होते. हॉलभर वास. आईने नाकाला पदरही लावला नाही. कोमट पाण्याने त्याचे पाय धुतले, शेपटीखाली पुसलं, चादर बदलली. मी बाल्कनीच्या दारात ओढणी तोंडाशी धरून उभी. तिने मऊ भात आणि चिकन शिजवलं होतं, बोटाने मोडून, निववून त्याच्या तोंडाशी नेलं. त्याने मान वळवली आणि थोड्या वेळाने पुन्हा ओकला, नुसता फेस. त्याचे ते बाहेर आलेले डोळे आईकडे लागलेले होते. मला त्याची दया आली असं लिहायला आवडलं असतं. मला किळसच येत होती, त्याची, वासाची, आईच्या हातांची.

"जोर गेलाय त्याचा," आई म्हणाली. स्वयंपाकघरात गेली आणि बाबांसाठी भिजवलेल्यातल्या उरलेल्या काळ्या मनुका वाटीत कुस्करायला लागली. जांभळं पाणी सुटलं, ते तिने गाळलं, चमचा घेतला. पण कागदाचा धाक होता. एका हातात वाटी धरून तिने दुसऱ्या हाताने फोन लावला.

"डॉक्टर साब, फिर उल्टी किया, जुलाब भी है. कमजोर हो गया. मनुका का पानी दूं थोडा? वो काला किसमिस का?"

पलीकडे मग तो हसरा आवाज हसरा राहिला नाही. "नहीं. नहीं मॅडम. मत देना. अंगूर, किसमिस, कुछ भी वैसा, कभी नहीं. कुत्ते का किडनी खराब होता है. आप ने दिया?"

"नहीं नहीं, अभी हाथ में है."

"पहले कभी? कल? कोई मिठाई जिस में किसमिस था?"

"कसम से नहीं," आई म्हणाली. "मैं ने बोला ना, मेरे घर में एक दाना नहीं."

"अलहमदुलिल्ला. फिर भी अब घर में नहीं रखने का, ले के आओ. लेकिन मॅडम, किसमिस वाला केस अलग है. उस में एक घंटा भी बडी बात है. इसलिए पूछा."

मी बाल्कनीत गेले. सांगायला नाही गेले, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. मी बघायला गेले. आपण काल म्हणालो तेच खरं असेल, पिशवीत नुसतं पिवळं पाणी असेल, गोळ्या लागल्या तो भास असेल, अशी आशा मला होती. रात्रीच्या उकाड्यात आणि सकाळच्या उन्हात राहिलेली ती पिशवी फुगली होती. गाठी सुटेनात, मी दातांनी ओढल्या. वास असा आला की मी तिथेच, सिलिंडरशेजारी, पोटात होतं ते सगळं बाहेर टाकलं. मग तोंड पुसलं आणि हात आत घातला. पेपर भिजून लगदा झाला होता, तो उलगडेना, म्हणून बोटांनी चाचपत गेले. एक. दोन. मग पुष्कळ. अख्खे, न चावलेले, आधीपेक्षा जास्त फुगलेले. एक माझ्या चिमटीत फुटला.

तशीच आत गेले, ओंजळ पुढे करून. आई त्याला जुन्या सुती साडीत गुंडाळत होती. तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शिऱ्यातले," मी म्हणाले. "मी दिले. सगळ्या वाट्यांमधले. काल बघितलं नव्हतं मी. माहीत होतं, पण बघितलं नव्हतं."

तिने मला मारलं नाही. तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं मी तिला कधी कशाकडे बघताना पाहिलं नव्हतं, त्या काळपट ओघळाकडेही नाही. मग म्हणाली, "डब्यात घाल ते. डॉक्टरांना दाखवायला लागतील. चप्पल घाल."

पहिल्या दोन टॅक्सीवाल्यांनी कुत्रा बघून हात हलवला. तिसरा म्हातारा पठाण होता. आईने त्याला काही न सांगता फक्त साडीचा कोपरा बाजूला करून ते तोंड दाखवलं. तो म्हणाला, "बैठो बहन, यल्ला," आणि चारही काचा खाली केल्या. वाटेत बॉस्कोला पुन्हा झालं, आईच्या मांडीवर, साडीतून तिच्या कपड्यांपर्यंत. तिने "सॉरी भाईजान" म्हटलं, आणि सगळा रस्ता त्याच्या कपाळाच्या वळ्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मी खिडकीला टेकून बसले होते, मांडीवर डबा. तो पूजेच्या दिवशी प्रसाद न्यायचा डबा होता, घाईत तोच हाताला लागला. त्याचं झाकण दाबून धरताना मला पहिल्यांदा वाटलं की या गाडीत सगळ्यात घाण वास माझ्या अंगाला येतोय.

डॉक्टरांनी डबा उघडला, नाक न मुरडता, आणि चिमट्याने एकेक बेदाणा ट्रेमध्ये मांडला. "कितना खाया?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "थ्री बोल्स. मेबी फॉर्टी. आय डोन्ट नो." ते म्हणाले, "ये डिब्बा अच्छा काम किया. कल आता तो और अच्छा होता." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली. बॉस्कोच्या पुढच्या पायाचे केस कापले, सुई घातली, सलाइन लावलं. किडनी चालते की नाही ते लघवीवरून कळेल, तीन दिवस लागतील, असं सांगितलं.

ते तीन दिवस आई रोज सकाळी जायची आणि दुपारी यायची. मी विचारायची, झाली? ती मान हलवायची, थोडी. घरात दुसरं बोलणं नव्हतं. बाबांना तिने काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्यांनी मला हाक मारणं सोडलं होतं आणि सकाळी घसा साफ करताना नळ सोडायचे, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ते जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी आई दारातूनच म्हणाली, "भरपूर मुतला. डॉक्टरांचे बूट भिजवलेन." आणि चप्पल न काढता जमिनीवर बसली, आपल्या लख्ख फरशीवर, आणि रडली. इतकी चांगली बातमी मी त्यानंतर फार ऐकलेली नाही.

फिलोमिना आंटी आल्या तेव्हा बॉस्कोच्या बरगड्या दिसत होत्या आणि पायावर केस कापलेला चौकोन होता. तो त्यांच्या अंगावर चढला, घोरल्यासारखा ओरडला, आणि त्यांनी त्याच्या वळ्यांमध्ये तोंड खुपसलं. मग तो चौकोन दिसला. मी आईच्या मागे उभी होते. मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

"मेरे से गलती हो गई," आई म्हणाली. "शिरा में किसमिस था. मैं ने दिया उसको, प्रसाद समझ के."

आंटींनी फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं. तो तिथेच होता, मोठ्या अक्षरांत. मग त्यांनी आईकडे बघितलं, आणि ती नजर मला ओळखीची होती. साबणाला चिकटलेल्या केसाकडे मी तशी बघायची. आंटींनी बॉस्कोला उचललं, त्याची वाटी उचलली, ती रुमालाने आतून पुसली आणि समोरचं दार लावून घेतलं. त्यानंतर आमच्या दोन घरांमध्ये ताटली गेली नाही. त्या दिवाळीला आईने फराळ पाठवला तो कामवालीच्या हाती तसाच परत आला, झाकण न उघडलेला. आईने तो परत डब्यांत भरला.

"आई, मी जाऊन सांगते ना खरं."

"आता काय उपयोग," ती म्हणाली. "तुला लिफ्टमध्ये रोज भेटते ती. माझ्याकडे बघू दे तसं. मला जमेल. तुला नाही जमणार, तुला साधी साय चालत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात आंटी बॉस्कोला घेऊन कायमच्या म्हापशाला गेल्या. जातानाही आईशी बोलल्या नाहीत. मी सांगितलं नाही. सांगायला एक जिनाही चढायचा नव्हता, समोरचं दार होतं, आणि माझ्याकडे जवळजवळ वर्ष होतं. आता आंटीही नाहीत आणि आईही नाही, आणि हे मी पहिल्यांदा कुठेतरी लिहिते आहे. माझ्या आईच्या हातून कधी कुणाचं पोट बिघडलं नाही.

ती असेपर्यंत आमच्या शिऱ्यात पुन्हा बेदाणा पडला नाही. ती गेल्यावर सून घालायला लागली, सढळ हाताने, आणि मी तिला घालू देते. कुत्र्याला त्या दिवशी आतल्या खोलीत बंद करते, किल्ली कमरेला. मग वाटी घेऊन बसते. नातू विचारतो, "आजी, यू लाइक रेझिन्स?" मी त्याला नाही म्हणून सांगते. प्रत्येक बेदाणा जिभेवर आला की म्हशीचा कान आठवतो, पिशवी आठवते. तरी एकेक चावते आणि गिळते. त्याच्याही वाटीतले नको असलेले मागून घेते.